‘नव्यासारखी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात चावी देण्याआधी

ठाण्याच्या पाचपाखाडीतून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, नाव-गाव काढून थोडक्यात सांगतो. वडिलांचा वागळे इस्टेटला छोटा कारखाना होता. २००१ साली त्यांनी सेकंडहँड मर्सिडीज ई २२० घेतली, १९९६ची, गडद निळी. जपून वापरली, मीटरवर एकाहत्तर हजार किलोमीटर आहेत. लॉकडाऊनपासून गाडी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी आहे ती आजतागायत चालू झालेली नाही, आणि या फेब्रुवारीत वडील गेले. आई दर गुरुवारी खाली जाऊन ओल्या फडक्याने गाडी पुसते. नाशिकच्या भावाच्या मुलीचं डिसेंबरात ठाण्यात लग्न आहे, त्याला नवरी त्याच गाडीतून आणायचीय. भावाने गॅरेजवाला आणला, त्या गॅरेजवाल्याने नऊ लाखांचं एस्टिमेट दिलं: पूर्ण पेंट काढून पांढरा रंग, नवे सीट कव्हर, अलॉय व्हील, मोठा टचस्क्रीन, "एकदम नव्यासारखी करून देतो". ताईंचे मिस्टर म्हणतात पंधरा वर्षांच्या वरच्या गाड्या सरकार भंगारातच काढतंय, त्यात पैसे कशाला घालायचे, विकून टाक. आई म्हणते हात लावू नका, आहे तशी राहू दे. ताई विचारतात, "बाबांची आठवण म्हणून रिस्टोर करायलाच हवी असं वाटतं, पण कर्ज काढून करू का? की विकून मोकळी होऊ?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं, फोटो तर चार वेळा बघितले. आधी एक बारीकसा प्रश्न विचारतो, रागावू नका. रिस्टोर करायलाच हवी हे कुठून आलं? म्हणजे गाडीत नक्की काय बिघडलंय असं तुम्हाला वाटतंय? कारण फोटोत मला दिसतं ते एवढंच की बॉनेटवर रंग थोडा मंद झालाय, मागच्या बंपरला एक ओरखडा आहे, चारही टायर बसलेत आणि डॅशबोर्डवर धूळ आहे. दरवाजाच्या गॅपा सगळ्या सारख्या आहेत, काचांवर कंपनीचा मूळ शिक्का आहे, आतलं लाकूड तडकलेलं नाही. अहो, याला वाईट अवस्था नाही म्हणत. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं अशी गाडी वर्षानुवर्षं शोधत असतात आणि सापडत नाही, कारण प्रत्येक चांगल्या गाडीला कधी ना कधी कुणीतरी प्रेमाने "नव्यासारखी" करून ठेवलेली असते.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. माझ्याकडे ऐरोलीत एक तुमच्या गाडीच्या आधीच्या मॉडेलची मर्सिडीज, १२३ बॉडी, २४० डी डिझेल आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ती एका गॅरेजला फक्त खालचा गंज काढायला दिली, तीन आठवडे सांगितले होते, लागले अकरा महिने, आणि परत आली तेव्हा अख्खी रंगवलेली, मला सरप्राइज म्हणून! चकाचक दिसत होती, मीही खूश, पेढे वाटले. पहिल्या जूनमध्ये पुढच्या गालिच्यात चार बोटं पाणी. काचांची जाडजूड मूळ रबरं काढून लोकल पातळ रबर बसवलं होतं आणि दरवाजाच्या आतल्या क्लिपा निम्म्या गायब. ती मूळ रबरं मी आजही शोधतोय. रंग काय, कधीही मारता येतो. कारखान्यातून आलेला रंग एकदा घासून काढला की मात्र तो कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

आणि हे माझं एकट्याचं वेड नाहीये. जुन्या वाहनांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, तिची ट्युरिन चार्टर म्हणून एक सनद आहे, त्यातही जतनाला पहिला मान आहे आणि रिस्टोरेशन त्याच्यानंतर. अमेरिकेत पेबल बीचला क्लासिक गाड्यांचं सगळ्यात मानाचं प्रदर्शन भरतं, तिथे वर्षानुवर्षं आरशासारख्या चमकणाऱ्या रिस्टोर केलेल्या गाड्याच पहिल्या यायच्या, पण २०२४ला पहिल्यांदाच एका न-रिस्टोर केलेल्या १९३४च्या बुगाटीला सर्वोच्च बक्षीस मिळालं, जुना रंग तसाच, ओरखडे तसेच. आपली ई २२० काही बुगाटी नाही हे मान्य. पण आपल्याकडे तिची एक वेगळी गंमत आहे, मर्सिडीजने भारतात जुळवलेली पहिली गाडी हीच, १२४ बॉडी, १९९५पासून पुण्यात टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, कारखान्यात. म्हणजे तुमची गाडी दिसायला जर्मन असली तरी जुळलीय पिंपरी-चिंचवडकडे! ही ओळख मूळ अवस्थेतच टिकते, पांढरा रंग नि टचस्क्रीन लावल्यावर ती लग्नाला भाड्याने मिळणाऱ्या चार गाड्यांतली एक होते.

तेव्हा तुम्हाला हवंय ते रिस्टोरेशन नाही. पाच-सहा वर्षं झोपलेल्या गाडीला सुरक्षितपणे उठवायचंय, बस. ही दोन कामं वेगळी आहेत, खर्चही वेगळा आणि गॅरेजही बहुतेक वेगळं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेलं की त्याला पत्राच दिसणार, त्याची चूक नाही त्यात. तुम्हाला हवा जुन्या मर्सिडीजवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री, आणि तो ठाणे-मुंबईत मिळतो, जुन्या मर्सिडीजवाल्या कुणालाही विचारा. त्याला एकच सांगायचं, मला तीन वर्षांपूर्वी तू केलेली गाडी दाखव. काल केलेली नको, काल केलेली सगळ्यांचीच छान दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ताई. गाडी चालू करून बघू नका. भाऊ म्हणेल नवी बॅटरी टाकून एक सेल्फ मारून बघू, वॉचमन म्हणेल धक्का मारू, कुणाचंही ऐकू नका. टाकीत २०२०चं पेट्रोल आहे, ते आता पेट्रोल राहिलेलं नाही, त्याचा चिकट रॉकेलासारखा वास येणारा काढा झालाय, तो इंजेक्टरमध्ये गेला की खर्च वाढला. आणि या काळातल्या मर्सिडीजचा एक खास रोग आहे जो शोरूमचा नवा पोरगा तुम्हाला सांगणार नाही. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात कंपनीने इंजिनच्या वायरिंगला पर्यावरणाला बरं म्हणून विघटन होणारं इन्सुलेशन वापरलं, आणि ते खरंच विघटित झालं! इंजिनच्या उष्णतेने वायरवरचं आवरण वाळून बिस्किटासारखं चुरतं, तारा उघड्या पडतात, एकमेकींना लागतात, आणि कधीकधी महागडा कॉम्प्युटर घेऊनच जातात. तुमची ९६ची आहे, म्हणजे काठावर. बाबांनी आधीच बदललं असेल तर उत्तम, नसेल तर मिस्त्रीने बॅटरी जोडायच्या आधी इंजिनवरच्या हार्नेसची, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याची, वायर एका जागी हळूच वाकवून बघायची. चुरा पडला तर पहिला खर्च तोच, बाकी सगळं नंतर. उंदरांनी काय कुरतडलंय तेही त्याच वेळी कळेल, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं सापडलं तर नवल वाटून घेऊ नका.

मग क्रम असा असू द्या. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट ट्रकवर, घालून न्यायची, दोरीने ओढत नाही. टाकी रिकामी, फिल्टर नवा, पेट्रोलचे रबरी पाइप नवे, आणि पाइप इथेनॉलला टिकणारेच मागा कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतला ओलावाही ओढून घेतं, ठाण्याच्या पावसाळ्यात उभ्या गाडीला हे दोन्ही वाईट. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल, आणि इंजिन आधी पान्याने हाताने फिरवायचं. फिरलं तर ऑइल, फिल्टर, कूलंट बदलून, इग्निशन काढून ठेवून सेल्फ मारायचा, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. तुमच्या मीटरमध्ये शून्य ते तीनचा एक ऑइल प्रेशरचा काटा आहे बघा, गाडी चालू झाल्यावर थंड इंजिनला तो वर तीनला जाऊन टेकला पाहिजे. नाही टेकला तर बंद. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटून इंजिन फुटण्याची भीती नाही, ही एक आनंदाची बातमी. बाहेरचा अल्टरनेटर-एसीचा पट्टा मात्र नवा टाका.

ब्रेकमध्ये काटकसर नको. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुमचं सहा वर्षांचं आहे म्हणजे चाकाजवळ ब्रेक दाबणारे कॅलिपर आतून गंजलेले असणार, रबरी होज पाइप तर चारही नवे. टायर वरून कितीही चांगले दिसू देत, बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१५ असेल तर २०१५चा तेविसावा आठवडा. तेवढे जुने असले तर नक्षी शाबूत असली तरी फेकायचे. साइज १९५/६५ आर १५ आहे, आपल्याकडच्या कितीतरी साध्या गाड्यांना लागतो, पाच-सहा हजाराला एक मिळतो. अलॉय बिलॉय काही नको, मूळ व्हील धुवून त्यावरच बसवा.

गंज बघायचाच तर गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा, वरून काही कळत नाही. दरवाज्यांच्या खालच्या अर्ध्या भागावर जे प्लास्टिकचं आवरण आहे ना, डिझायनर ब्रुनो साकोच्या नावाने त्याला साको पॅनेल म्हणतात, त्याच्या मागे आणि जॅक लावायच्या जागी गंज लपून बसतो. तिथे सापडला तर तेवढाच कापून, तेवढाच भरून, तेवढाच रंग. रंगाचा कोड पुढच्या पट्टीवरच्या प्लेटवर असतो, बॉनेट उघडलं की दिसतो. आणि बॉनेटचा मंदपणा, तो बहुधा नुसत्या चांगल्या हाताच्या पॉलिशने जाईल. एकदाच, हलकं. दर दिवाळीला रबिंग मारत बसलं की दहा वर्षांत खालचा प्रायमर दिसायला लागतो.

एसी शेवटी ठेवा. या गाडीचा आतला कूलिंग कॉइल लीक होणं हे प्रसिद्ध दुखणं आहे आणि तो काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, अननुभवी माणसाने उतरवला की आयुष्यभर करकर वाजतो. आधी गॅस भरून किती महिने टिकतो ते बघा. ठाण्यात एसीशिवाय मे महिन्यात गाडी चालवणं म्हणजे शिक्षा, कळतं मला, पण मे महिना अजून लांब आहे.

वायपर एकच आहे म्हणून नवा दुसरा बसवायला जाऊ नका हो! एकदा एका गृहस्थांनी मला खरंच विचारलं होतं, दुसरा वायपर कुठे मिळेल. तो एकटाच मधूनच लांब-आखूड होत जवळपास पूर्ण काच पुसतो, फक्त त्याच्या आतल्या यंत्रणेला ग्रीस लागतं, मेच्या शेवटी भरून घ्यायचं.

सीटचं म्हणाल तर आधी ते लेदर आहे का तेच तपासा. मर्सिडीजचं स्वतःचं एक रेक्झिन यायचं, एमबी टेक्स, ते इतकं चांगलं असतं की मालक जन्मभर लेदर समजून त्याला खोबरेल चोळत राहतात. खोबरेल दोन्हीलाही नको. रेक्झिन असेल तर साबणाचं कोमट पाणी पुरतं, लेदर असेल तर लेदरचंच क्रीम.

हे सगळं मिळून नऊ लाख होत नाहीत, वायरिंग बदलावं लागलं तरी त्याच्या बरंच आत बसेल. आणि एकदम द्यायचेही नसतात, टप्प्याटप्प्याने द्या: चालू होईपर्यंत एक, ब्रेक-टायर झाले की दुसरा, बाकी नंतर. काढलेला प्रत्येक जुना पार्ट खोक्यात घालून परत मागा, लेखी. खराब झालेला असला तरी. सेकंडहँड पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात, नवे मूळ पार्ट अजूनही कंपनीकडून मागवता येतात, जर्मनीत स्टुटगार्टजवळ फेलबाखला त्यांचं क्लासिक सेंटर आहे ते जुन्या गाड्यांसाठीच. कर्ज मात्र काढू नका. आणि गुंतवणूक म्हणूनही याच्याकडे बघू नका, जुनी गाडी हा हत्ती आहे, प्रेमाने पाळायचा तर पाळा, सोन्यासारखा भाव वाढेल म्हणून नाही.

आता मिस्टरांच्या शंकेबद्दल. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे दिल्लीचं ऐकून सगळीकडे पसरलंय. तिकडे दहा वर्षांचं डिझेल नि पंधराचं पेट्रोल असा नियम झाला, महाराष्ट्रात तसा नाही. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. तुमची ९६ची, म्हणजे २०११, २०१६ बाबांनी केलेलं दिसतंय आणि २०२१ला राहिलं. एप्रिल २०२२पासून उशिराचे दर महिन्याला ५०० रुपये आहेत, ते मीटर चालू आहे, म्हणून हे काम गाडीच्या आधी मनावर घ्या. वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाची फी २०२५पासून १०,००० रुपये आहे, आयात केलेल्या गाडीला ८०,०००, आणि इथे ती पुण्यात जुळल्याचा फायदा होतो बघा! वर पर्यावरण कर, पीयूसी, नवीन एचएसआरपी नंबर प्लेट. विंटेजचा वेगळा नियम २०२१ला आला, पण तो पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना, तुमची बसेल २०४६ला, आणि त्यात रोज चालवताही येत नाही. तोवर साधी नोंदणीच.

त्याच्याही आधी नाव. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं, तुमची मुदत उलटलीय, उशिराचं भरून होईल पण बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणजे आईची आणि भावाची सही. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न इथे आहे, गॅरेजमध्ये नाही. पत्रात तुम्ही चौघांचं म्हणणं लिहिलंत पण गाडी कुणाच्या नावावर होणार, पार्किंगचे, इन्शुरन्सचे पैसे कोण देणार, दर पंधरा दिवसांनी चालवणार कोण, हे कुठेच नाही. भावाला गाडी एका दिवसासाठी हवीय, तुम्हाला ती पुढची वीस वर्षं सांभाळायचीय. मग रंगाचा निर्णय कुणाचा असावा? विचारा त्याला, भांडू नका, नुसतं विचारा. हेही सांगा की पांढरा केला तर आरसी बुकातला रंगही आरटीओत जाऊन बदलावा लागेल. आणि सांभाळायला कोणीच तयार नसेल तर विकण्यात काही पाप नाही. फक्त चालू करून, कागद पूर्ण करून विका, बंद गाडी भंगारवाल्याच्या भावात जाते. तेव्हा विकायचं का ठेवायचं हे आज ठरवूच नका, दोन्हीसाठी पहिलं काम एकच आहे.

लग्नाचं बघा, डिसेंबरपर्यंत गाडी चालती होऊ शकते, पण मिस्त्रीला ती तारीख सांगू नका, घाईत ब्रेकचं काम होऊ नये. झाली तर नवरीला हॉलपर्यंत नक्की न्या, नसली तर फ्लॅटबेडवर आणून हॉलच्या दारात उभी करा, फोटो तितकेच छान येतात. फुलवाल्याला मात्र ताकीद द्या, सेलोटेप लावायची नाही. तीस वर्षांच्या रंगावरून टेप काढली की रंग टेपबरोबर येतो. सुती नाडीने बांधायला लावा. आणि बॉनेटवरचा तारा लग्नाच्या गर्दीत हमखास चोरीला जातो, पोरं उपटून नेतात, मांडवात शिरायच्या आधीच जरा लक्ष ठेवायला कुणाला तरी उभं करा.

चालू झाल्यावर सांभाळणं सोपं आहे, कंटाळवाणं आहे एवढंच. वॉचमनला चावी देऊन रविवारी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवणं बंद, त्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. पंधरा दिवसांनी एकदा पहाटे पूर्व द्रुतगतीवरून विक्रोळीपर्यंत जाऊन या, पंचवीसेक किलोमीटर होतात, इंजिन पूर्ण तापतं. घोडबंदरच्या खड्ड्यांत नेऊ नका, तिथे माझ्या गाडीचे दोन बुश गेलेत. कव्हर प्लास्टिकचं असेल तर आजच काढा, खाली वाफ धरते, सुती किंवा हवा खेळणारं घ्या. इन्शुरन्स घेताना जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालकाने ठरवून घ्यायची असते, फोटो देऊन योग्य आकडा मागा आणि पॉलिसीवर लिहून घ्या.

एक राहिलं. पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की ग्लव्ह बॉक्समध्ये बाबांची एक निळी वही आहे, प्रत्येक सर्व्हिसची तारीख, किलोमीटर, बिल. ताई, गाडीतली सगळ्यात मौल्यवान वस्तू ती आहे, आधी ती घरात आणा. त्यात वायरिंग बदलल्याची नोंद आहे का बघा, म्हणजे मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचेल. टायर कधी घेतले, कूलंट कुठलं टाकायचे, सगळं असेल. आणि अठरा-एकोणीस वर्षांत बाबांनी एकदा तरी गाडी रंगवलीय का तेही बघा. नसेल, तर ती वही भावाला वाचायला द्या, माझं पत्र दाखवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. मिस्त्री जे करेल ते पुढच्या पानापासून त्याच वहीत लिहा.

आईंना म्हणावं गुरुवार चालू ठेवा, फक्त ओलं फडकं नको, स्टिल्टमधली धूळ वाळूसारखी असते, ओल्या फडक्याने ती रंगावर घासली जाते आणि बॉनेट मंद झालंय ते थोडं त्यानेही. आधी मऊ ब्रशने धूळ झटकायची, मग मायक्रोफायबरचं कोरडं फडकं, वरून खाली, गोल-गोल नाही. दोन फडकी आणून द्या त्यांना, एक बॉडीचं, एक काचेचं, वेगवेगळ्या रंगाची, म्हणजे अदलाबदल होत नाही.